कोर्टावरचा घुमट

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधली उच्च न्यायालयाची इमारत एका चर्चवाल्या वास्तुकाराने आखली आहे. हेन्री अलेक्झांडर नेस्बिट मेड हे त्याचे नाव. जन्म १८९२, मृत्यू १९७७. त्याची ओळख टिकली ती नव्या दिल्लीतल्या दोन मोठ्या चर्चमुळे. राष्ट्रपती भवनापासून जवळ असलेले अँग्लिकनांचे कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शन त्याचे, आणि गोल डाकखान्याजवळचे कॅथलिकांचे सेक्रेड हार्ट कॅथेड्रलही त्याचेच. दिल्लीत ही दोन प्रार्थनाघरे उभी करून झाल्यावर त्याने नागपुरात न्यायाचे घर बांधले. ९ जानेवारी १९३७ रोजी पायाभरणी, ६ जानेवारी १९४० रोजी उद्घाटन, खर्च ७ लाख ३७ हजार ७४६ रुपये. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो या इमारतीला दगडातले काव्य म्हणाले, आणि तेव्हापासून नागपूरकर तेच वाक्य घोळवत आले आहेत.

एकदा काव्य म्हटले की पुढचे प्रश्न कोणी विचारत नाही. हे काव्य कोणाला उद्देशून होते? ऐकणाऱ्याने त्यातून काय समजून घ्यावे अशी अपेक्षा होती? मला वाटते, ही इमारत नुसती कोर्ट म्हणून पाहिली तर अर्धीच दिसते. ती चर्चच्या घराण्यातली आहे, आणि त्यातही युरोपात अठराव्या शतकाच्या मध्याला जी बरोक रीत शिगेला पोचून संपली, तिच्या दूरच्या वंशातली. त्या रीतीचे काम माणसाला पटवणे नव्हते, भारून टाकणे होते. देवळाला ते चालते. कोर्टाला चालते का, हा माझा प्रश्न आहे.

आधी ती रीत काय होती ते पाहू. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट बंडाने कॅथलिक चर्चचा निम्मा युरोप हातचा गेला. ट्रेंटची धर्मपरिषद १५४५ ते १५६३ अशी अठरा वर्षे चालली, आणि तिच्यानंतर रोमने ठरवले की उरलेल्यांना धरून ठेवायचे तर प्रवचनाबरोबर डोळ्यांनाही कामाला लावले पाहिजे. भिंती वळू लागल्या, खांब पिळले गेले, छताच्या जागी आकाश रंगवले गेले, आणि उजेड कुठून येतो ते कळू नये अशा बेताने खिडक्या बसवल्या गेल्या. आत शिरणाऱ्याने युक्तिवाद ऐकायच्या आधीच शरण यावे, अशी ही योजना होती.

या रीतीचा शेवटचा मोठा कारागीर बाल्थाझार नॉयमान. १६८७ मध्ये बोहेमियातल्या एगर गावी, कापड विणणाऱ्याच्या घरी जन्मला. शिकला घंटा आणि तोफा ओतण्याचे काम. १७११ मध्ये व्युर्त्सबुर्गला आला, भूमिती शिकला, तोफखान्यात शिरला, १७१७ मध्ये बेलग्रेडच्या लढाईच्या मोहिमेवर जाऊन आला. दोनच वर्षांनी तिथल्या राज्यकर्त्याने त्याला नव्या राजवाड्याच्या कामावर नेमले. हा राज्यकर्ता म्हणजे प्रिन्स-बिशप. एकाच माणसाकडे राज्यही आणि धर्मपीठही. उत्तर-बरोक समजून घ्यायला ही एक गोष्ट पुरेशी आहे. त्या जगात चर्च आणि राजवाडा या दोन वेगळ्या कला नव्हत्याच, कारण दोन्हींचा धनी एक होता. नॉयमान सकाळी वेदीचे माप घेई आणि दुपारी दरबाराच्या जिन्याचे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. मधल्या वेळात तो शहराचा पाणीपुरवठाही पाही.

त्या राजवाड्याचा जिना जगप्रसिद्ध आहे. पाहुणा खालच्या बुटक्या, मंद उजेडाच्या दालनातून चढायला लागतो. अर्ध्यावर जिना मागे वळतो, आणि वळताच डोक्यावर एकाही खांबाचा आधार नसलेले, सुमारे १८ मीटर रुंद आणि ३० मीटर लांब छत उघडते. त्यावर १७५२-५३ मध्ये व्हेनिसच्या टिएपोलोने तेव्हा मानली जाणारी चारही खंडे रंगवली, आणि त्यांच्यावर धन्याची प्रतिमा तरंगत ठेवली. चढणाऱ्या पाहुण्याने आपोआप मान वर करावी आणि वर धनी दिसावा, असे सगळे मोजून केलेले. त्याच चित्रात खाली, तोफेवर रेलून बसलेला, गणवेषातला नॉयमानही आहे. मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात राजवाड्याचा मोठा भाग जळाला, पण तोफखान्याच्या माणसाने बांधलेले ते छत उभे राहिले.

त्याचे सर्वांत नावाजलेले चर्च फिअरत्सेनहायलिगन, म्हणजे चौदा संतांचे यात्रास्थान. पाया १७४३ चा. (त्याच वर्षी रघुजी भोसल्यांनी नागपुरात कायमचा जम बसवला.) एका मेंढपाळाला जिथे दर्शन झाले असे मानतात, त्याच जागेवर पूजास्थान हवे, ही अट होती. नॉयमानने ते मध्यभागी, दोन दालने जिथे छेदतात तिथे धरले. पण जागेवर देखरेख करणाऱ्या क्रोनेने परस्पर नकाशा सरकवला आणि ठरलेले केंद्र चुकले. नॉयमान परत आला तेव्हा भिंती वर आल्या होत्या. पाडायच्या ऐवजी त्याने आतले सगळे गणितच बदलले, लंबगोलात लंबगोल गुंफले, आणि पूजास्थान लोकांच्या मधोमध, सर्वांत मोठ्या लंबगोलात आणून ठेवले. आज जी अवकाशाची किमया म्हणून वाखाणली जाते ती एका चुकीच्या दुरुस्तीतून आली. १७५३ मध्ये तो गेला; चर्च १७७२ मध्ये पुरे झाले. तोवर ज्ञानोदयाचे वारे सुटले होते, आणि दोन दशकांत ती अख्खी रीत कालबाह्य ठरली.

ती नागपूरपर्यंत आली इंग्लंडच्या वाटेने. इंग्रज प्रॉटेस्टंट, त्यामुळे त्यांनी बरोक घेतला तो थंड करून. क्रिस्टोफर रेनचे लंडनचे सेंट पॉल्स, १६७५ ते १७१०, हा त्याचा नमुना: रंगवलेली आकाशे कमी, पण घुमट शहराच्या डोक्यावर. दोनशे वर्षांनी साम्राज्य भरात आले तेव्हा सरकारी इमारतींसाठी इंग्रजांना हीच रीत पुन्हा आठवली, आणि एडविन लट्यन्स व हर्बर्ट बेकर यांनी ती रायसीना टेकडीवर नेली. मेड तरुणपणी लट्यन्सकडे होता, मग बेकरचा माणूस म्हणून दिल्लीला आला. टेकडीच्या चढामुळे जवळ गेल्यावर व्हाइसरॉयच्या वाड्याचा घुमट दिसेनासा होतो, यावरून लट्यन्स आणि बेकरचे इतके बिनसले की बोलणे बंद झाले. दोन्ही दुकानांत राहिलेल्या मेडला घुमटाची किंमत नीट कळली असणार.

इथे एक आक्षेप येईल. मेड बरोकवाला कुठे? रिडेम्प्शन चर्चची प्रेरणा पल्लादिओच्या व्हेनिसमधल्या रेदेन्तोरे चर्चमध्ये आणि लट्यन्सच्या लंडनमधल्या चर्चमध्ये शोधतात, आणि पल्लादिओ तर बरोकच्याही आधीचा. आक्षेप खरा आहे. त्याच्या भिंती वळत नाहीत, खांब पिळलेले नाहीत. पण मी नक्षीबद्दल बोलत नाही. मधोमध अक्ष, दोन्ही बाजूंना समतोल पंख, पायरीपायरीने चढणारी वस्तुमाने आणि शेवटी घुमट, ही मांडणी माणसाला दुरूनच सांगते की तू लहान आहेस आणि आत काहीतरी मोठे आहे. हे व्याकरण बरोकने पक्के केले. मेडने त्यातले अलंकार गाळले आणि क्रियापद ठेवले.

त्याच्यापुढे दुसरी वाट नव्हती असेही नाही. त्याच दिल्लीत, त्याच सुमारास, लट्यन्सच्याच हाताखालच्या आर्थर शूस्मिथने छावणीत सेंट मार्टिन्स चर्च बांधले. सुमारे ३५ लाख विटा, जवळजवळ शून्य नक्षी, किल्ल्यासारखी जाड, तिरकी चढत गेलेली भिंत. आजही ती इमारत काल बांधल्यासारखी वाटते. ती पाहिली की मेडचा जुनेपणा ही त्याची निवड होती हे कळते. ती निवड सरकारला पसंत होती. पुढे तो भारत सरकारचा मुख्य वास्तुकार झाला आणि १९४७ पर्यंत त्या जागेवर राहिला.

नागपुरात चर्चे आधीपासून होती. सदरचे ऑल सेंट्स १८५१ चे, रिचर्ड सँकीने आखलेले. हा मद्रास फौजेचा इंजिनिअर; कामठीच्या परिसरात दगडी कोळसा आणि जीवाश्म शोधत फिरायचा, आणि पुढे बंगळूरच्या सँकी तलावाला त्याचे नाव लागले. १८७९ मध्ये लंडनच्या नामांकित जॉर्ज बॉडलीच्या आराखड्याने ते वाढवले. गॉथिक वळणाचे, आटोपशीर. नागपूरच्या खऱ्या चर्चला घुमट मिळाला नाही. तो कोर्टाला मिळाला.

आता कोर्टाकडे. मध्यप्रांत-वऱ्हाडाला आधी जुडिशिअल कमिशनरचे कोर्ट होते. जानेवारी १९३६ मध्ये सनद आली, ९ जानेवारीला उच्च न्यायालय सुरू झाले, आणि बरोबर वर्षाने गव्हर्नर हाइड गोवन यांनी इमारतीचा पाया घातला. मूळ इमारत ४०० फूट लांब, २३० फूट रुंद, दुमजली, वालुकाश्माची. बाकी उंची ५२ फूट, घुमट १०९ फुटांवर. म्हणजे घुमट इमारतीच्या दुपटीहून उंच. चर्चमध्ये घुमटाला काम असते. तो वेदीच्या आणि उपासकांच्या डोक्यावर स्वर्ग उभा करतो. कायद्याला घुमट लागत नाही. साक्ष, उलटतपासणी, युक्तिवाद, निकाल, यातले एकही काम उंच छतामुळे चांगले होत नाही. ती वरची जवळपास साठ फुटांची उंची बाहेरच्या माणसासाठी आहे.

आणि बाहेर तेव्हा काय चालले होते? पायाभरणी जानेवारी १९३७ ची, प्रांतिक निवडणुका फेब्रुवारीत. काँग्रेस जिंकली, डॉ. ना. भा. खरे यांचे मंत्रिमंडळ आले, वर्षभरात ते जाऊन रविशंकर शुक्लांचे आले. नोव्हेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. जानेवारी १९४० मध्ये इमारत उघडली. पाया घातला तो लोकांचे मंत्री यायच्या आधी, दार उघडले ते मंत्री गेल्यावर. मधल्या काळात बांधकाम चालू राहिले, पण दोन्ही मुहूर्तांना लोकांनी निवडलेले कोणी यजमान नव्हते. योगायोग म्हणा, पण घुमटाने ज्यांना भारून टाकायचे होते ते कोण, हे त्यातून दिसते. साम्राज्याचे दिवस भरत आले होते आणि त्याने शेवटची काही वास्तुवाक्ये मोठ्या आवाजात म्हटली. व्युर्त्सबुर्गच्या प्रिन्स-बिशपचे राज्यही जिन्यावरच्या चित्रानंतर पन्नास वर्षांत, १८०३ मध्ये, संपले. भव्य जिने बहुधा उतरणीलाच बांधले जातात.

इतपत आल्यावर इमारत परकी आणि म्हणून त्याज्य, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. मला तो मान्य नाही, आणि त्याचे कारण गोव्यात आहे. फोंड्याकडची देवळे डोळ्यांपुढे आणा: कवळ्याची शांतादुर्गा, शाहूंच्या काळात, १७३८ च्या सुमारास आजच्या रूपात आलेली, मंगेशीची सात मजली दीपमाळ. अष्टकोनी बैठकीवरचा घुमट, कठडे, गोल कमानींच्या खिडक्या, त्यांच्या बाजूचे भिंतीला चिकटलेले खांब, आत झुंबरे. ही भाषा चर्चची. तिसवाडीत ज्या धर्मसत्तेने देवळे पाडली, तिचीच रूपे नदीपलीकडे, त्या वेळी पोर्तुगीज हद्दीबाहेर असलेल्या मुलखात, देवाच्या घरावर चढली. कोणी जबरदस्ती केली नव्हती. गवंड्यांना ती येत होती, यजमानांना ती आवडली. नॉयमान राजवाड्याचा जिना बांधत होता तेव्हा गोमंतकातले निनावी कारागीर बरोकची सूत्रे देवीसाठी वापरत होते, आणि कोणाला ते विसंगत वाटले नाही.

म्हणून आकाराला धर्म नसतो, मालकही कायमचा नसतो. पण शांतादुर्गेच्या घुमटात आणि आमच्या घुमटात एक फरक आहे. देवीच्या देवळात भारून जाणे हाच हेतू आहे. भाविक तेवढ्यासाठीच येतो. कोर्टात येणारा भारून जायला आलेला नसतो. तो कारण विचारायला आलेला असतो. ‘माझी जमीन का गेली’, ‘माझा माणूस आत का आहे’ असे तो विचारतो, आणि कोर्टाने उत्तर द्यायचे ते कारणांसह, लेखी. न्यायसंस्थेचा सगळा दबदबा त्या लेखी कारणांवर उभा राहायला हवा. दगडावर राहिला की कारणे ढिली पडायला जागा मिळते.

याच इमारतीच्या इतिहासातले एक पान मात्र माझ्या या म्हणण्याला आडवे येते, आणि ते टाळणे बरे नाही. आणीबाणीत स्थानबद्धांना हेबिअस कॉर्पसचा अर्ज करता येतो की नाही, हा प्रश्न देशभरच्या उच्च न्यायालयांपुढे गेला. अर्ज ऐकता येतो असे म्हणणाऱ्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी ही सगळी उच्च न्यायालये चूक ठरवली, एकट्या न्या. ह. रा. खन्नांनी विरोध नोंदवला. २०१७ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने तो बहुमताचा निकाल पुसून टाकला. व्हाइसरॉयने उघडलेल्या, सत्तेचा धाक वाटावा म्हणून बांधलेल्या घुमटाखाली बसून नागपूरच्या न्यायाधीशांनी सत्तेला नाही म्हटले होते. इमारत माणसाला वाकवते, हे खरे. पण वाकायचे नसेल त्याला ती वाकवू शकत नाही, हेही तितकेच खरे. कदाचित एवढेही म्हणता येईल की उंच छताखाली बसणाऱ्याला आपल्या खुर्चीची उंचीही जाणवते. भव्यता धाक दाखवते तशी कधी जबाबदारीही आठवून देते.

मला इमारत पाडायला नको, की तिला लाजवायलाही नको. तिच्या रीतीचे व्यवहारी गुणही आहेत. जाड भिंती, लांब व्हरांडे, उंच दालने हे नागपूरच्या मे महिन्यात शैलीपेक्षा जास्त मोलाचे ठरतात. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की काचेच्या नव्या इमारतींपेक्षा हा जुना दगड शहाणा वाटतो. हे दगडकाम ज्यांनी जोडले त्या पाथरवटांची नावे कोनशिलेवर नाहीत. टिएपोलोच्या छतावर निदान एक इंजिनिअर तरी तोफेवर बसलेला दिसतो. आमच्याकडे घडवणाऱ्यांपैकी कोणाचीच आकृती नाही, मेडचीही नाही.

नागपुरात कोर्टाच्या घुमटाहून मोठा, त्याहून प्रसिद्ध घुमट आहे, आणि तुलना त्याच्याशीच व्हायला हवी. दीक्षाभूमीचा स्तूप, वास्तुकार शिव दान मल, लोकांसाठी खुला झाला २००१ मध्ये. सांचीचा स्तूप भरीव आहे. भोवती फिरायचे, आत जाता येत नाही. दीक्षाभूमीचा घुमट पोकळ ठेवला. साधा माणूस चप्पल काढून आत जातो आणि त्याच्या खाली बसतो. ज्या माणसाने या देशाला कायद्याची चौकट दिली त्याच्या नावाने उभ्या राहिलेल्या घुमटाला बाहेरच्या माणसावर छाप पाडण्यापेक्षा आतल्या माणसाला जागा देणे महत्त्वाचे वाटले. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षा घेतली, त्यानंतर अठरा दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचनेत नागपूरची राजधानी गेली आणि सिव्हिल लाइन्समध्ये स्वतंत्र उच्च न्यायालयाच्या जागी मुंबईचे खंडपीठ आले. घुमट तेवढाच राहिला, खालच्या संस्थेचा दर्जा बदलला.

मेडच्या आराखड्यात मला खटकते ते घुमटाचे परकेपण नाही. खटकते ती त्या काळच्या सगळ्याच कोर्टांतली एक उणीव. न्यायाधीशाची खोली, वकिलांची खोली, ग्रंथालय, दफ्तर, सगळ्यांना आखीव जागा असते. गडचिरोली-भामरागडहून रात्रभर एसटीने आलेल्या पक्षकाराला व्हरांडा. त्याने उभे राहायचे, नाव पुकारले जाण्याची वाट पाहायची, तारीख घेऊन परतायचे. चर्चच्या वास्तुकाराला तरी हे चुकायला नको होते. चर्चमध्ये सर्वांत मोठे दालन येणाऱ्याचे असते. नॉयमानने तर चुकलेला नकाशा दुरुस्त करताना पूजास्थानच लोकांच्या मधोमध आणले. ती रीत नागपुरात येताना घुमट आला, दर्शनी भाग आला, आणि हे दालन मात्र वाटेत गळाले. कारण सोपे होते. लोक हे ज्याचे धनी नव्हते अशा राज्याने हे कोर्ट बांधले.

आता धनी बदलून पाऊणशे वर्षांहून जास्त काळ लोटला. १९८३ मध्ये दोन्ही बाजूंना जोडइमारती आल्या, गरज वाढत आहे, पुढेही विस्तार निघतीलच. वकील संघटनांनी, सार्वजनिक बांधकाम खात्याने आणि खुद्द खंडपीठाने तेव्हा दर्शनी भागाच्या वादात वेळ घालवू नये. पुढच्या नकाशावर पहिली रेघ पक्षकाराच्या दालनाची ओढावी: बसायला जागा, प्यायला पाणी, पुकारा ऐकू येईल अशी सोय, आणि आपल्या खटल्यात आज काय झाले हे मराठीत सांगणारा एक माणूस.